सर्फिंगच्या गावाला गेलेलं बिऱ्हाड

दिवाळी संपली की आमच्या कॉलेजात परीक्षेचे अर्ज सुरू होतात, आणि बरोबर त्याच आठवड्यात गावाकडून चुलतभावाचा फोन येतो. "आबास्नी सांग, मेंढरं निघाली." मी परीक्षा विभागात आहे. दिवसभर खिडकीपलीकडच्या पोरांवर खेकसायचं, सही विसरली म्हणून अर्ज परत करायचा आणि घरी आल्यावर आबांना तो निरोप सांगायचा, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आबा म्हणजे माझे वडील. सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडेच राहतात. निरोप ऐकला की "व्हय का" एवढंच म्हणतात आणि गॅलरीत जाऊन उभे राहतात. समोर पाण्याची टाकी आणि एका शाळेची मागची भिंत, दुसरं काही दिसत नाही. तरी अर्धा तास उभे असतात.

यंदाही फोन आला, यंदाही ते गॅलरीत गेले. फरक एवढाच, की आत हॉलमध्ये माझी मुलगी मुक्ता पिशवी भरत बसली होती. तिलाही निघायचं होतं, कोकणातच. आबा बाहेर, ती आत, आणि मी मधल्या दारात ओला टॉवेल हातात घेऊन उभी. वर्ष झालं, माझं हे असंच चाललंय.

आम्ही सांगोल्याकडचे धनगर. आबांच्या उमेदीत पावसाळ्याचे चार महिने काय ते गावात, बाकी आठ महिने वाटेवर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, आटपाडी, विटा, कराड करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि कोकणातल्या कापणी झालेल्या भाताच्या शेतांत मेंढरं बसवायची. मेंढरं रात्रभर बसली की शेताला लेंड्यांचं खत मिळतं. म्हणून शेतकरी बोलावून जागा द्यायचा आणि वर भातही द्यायचा. घोड्याच्या पाठीवर संसार, त्यात कोंबड्या, त्यात पोरं. मी सहा वर्षांची होईपर्यंत त्या घोड्यावर होते म्हणे. मला आठवतं ते फक्त घोड्याच्या पाठीचं उबदार हलणं, आणि ते तरी खरं का ऐकून ऐकून झालेलं, सांगता येत नाही.

सातव्या वर्षी मला सोलापुरात मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. आमच्या घराण्यात शाळेत गेलेली मी पहिली मुलगी. लोक हे कौतुकाने सांगतात, मीही चारचौघांत सांगते. पण त्या पहिल्या वर्षातलं मला काय आठवतं, तर पत्र्याच्या पेटीचं कुलूप, पातळ आमटीचा वास आणि खिडकीचा गार गज. त्या गजाला गाल लावून मी रोज रडायचे. आमच्या बाई म्हणायच्या, "सुमन, गज गंजेल गं." तेव्हाच माझ्या मनाने कुठेतरी घेतलं असणार की एकदा जागा मिळाली की हलायचं नाही. मी हलले नाही. एकच नोकरी, एकच फ्लॅट, पंचवीस वर्षं एकच खिडकी. पलंग या भिंतीचा त्या भिंतीला न्यायचा म्हटलं तरी माझं डोकं दुखतं.

अशा बाईला गेल्या वर्षी तिच्या मुलीने सांगितलं, "आई, आपण कॅम्परव्हॅनने समुद्रावर जाऊ या. तिथे सर्फिंग शिकवतात."

कॅम्परव्हॅन म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, आणि सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याला येणं, हे दोन्ही तिने मला मोबाइलवर दाखवलं. ह्यांना बँकेतून सुट्टी मिळेना. गावाकडे भावाची पिकअप मी सर्रास चालवते, तेव्हा गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं. मी अजून हो-नाही करत होते, तेवढ्यात आबा आतल्या खोलीतून म्हणाले, "कोकनात व्हय? मंग मी येतो की." झालं. तिथून पुढे माझ्या मताला कुणी विचारलं नाही.

गाडी आली ती आबांनी चारी बाजूंनी फिरून, वाकून खालूनसुद्धा पाहिली. आत दोन पलंग, शेगडी, भांडी धुवायला बेसिन, कपडे टांगायला खुंट्या. "बिऱ्हाडच हाय की हे," ते म्हणाले. "घोडं तेवढं पोटात घातलंया." मुक्ता हसून लोटपोट झाली. मला मात्र बरं वाटलं नाही. ज्या बिऱ्हाडातून मला बाहेर काढण्यासाठी ह्या माणसाने एवढं केलं, त्याच बिऱ्हाडाचं भाडं भरून मी आता त्यात बसणार होते. ही प्रगती म्हणायची की काय म्हणायचं? मी सोलापूरकरणीला शोभेल असं एकच काम केलं. गाडीची टाकी काठोकाठ भरलीच, शिवाय घरातला प्रत्येक कॅन, कळशी आणि रिकामी बाटली भरून आत ठेवली. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात राहिलं की हात आपोआप भरत सुटतात. मुक्ता म्हणाली, "आई, आपण समुद्रावर चाललोय." मी म्हटलं, "तो प्यायचा असतो का?"

वाटेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आबा माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर, काठी दोन पायांत धरून. दर थोड्या वेळाने विचारायचे, "आटपाडी गेलं?" गेलं, आबा. "कवा?" त्यांच्या हिशेबात प्रत्येक गावाला एक विहीर, एक झाड, एक भांडण होतं, आणि ते येण्याआधीच गाव मागे पडत होतं. विट्याला तर ते चिडलेच. "आगं, जरा बघू तर दे! ही वाट हाय का नळी?" घाट लागला तसे एकदम गप्प झाले. मला वाटलं, वळणांनी गरगरत असेल. मी त्यांना आवळ्याची सुपारी दिली. त्यांनी ती मुठीत तशीच धरून ठेवली.

ते गाव. नाव सांगत नाही, आधीच तिथे गर्दी वाढत चालली आहे. एका बाजूला बायका मासळी वाळत घालत होत्या, दुसऱ्या बाजूला त्याच वासात एक मुलगी कॉफीचा फलक रंगवत होती. माडांना टेकवून ठेवलेल्या रंगीत फळ्या, त्यांवर वाळत घातलेले टॉवेल, आणि मधूनच कुणाची तरी म्हैस. उन्हाने केस तांबूस झालेली पोरंपोरी अनवाणी इकडून तिकडे पळत होती. कुणी कोळ्याचा मुलगा, कुणी बंगळुरूहून आलेली, कुणी थेट परदेशातली, बोलतात मात्र सगळी एकाच विषयावर: उद्या लाट कशी असेल. मी एवढी परीक्षेच्या कामातली बाई, माणूस पाहिलं की त्याचा वर्ग, तुकडी, शाखा ओळखते. इथे मला एकाचीही शाखा कळेना.

गाडी उभी करायला शांताराम नावाच्या माणसाची जागा होती, माडांच्या पलीकडे भाताचं कापलेलं शेत. मी गाडीचे कागद शोधत होते, तेवढ्यात आबा खाली उतरून काठी टेकत थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"मालक, तीन राती बसतो," आबा म्हणाले. "काय देनार? भात का नाचनी?"

शांताराम गोंधळला. "काका, मी कसलं देणार? जागेचं भाडं तुम्ही द्यायचं."

"आमी द्यायाचं? तुमच्या रानात बसायचं आन् वर आमीच द्यायाचं?" आबांचा आवाज चढला. "कुटल्या गावची रीत म्हनायची ही?" आणि हात मागे करून, आपला माल दाखवावा तसे ते मागे वळले. मागे पांढरी गाडी, गाडीच्या पायरीवर बसलेली मुक्ता आणि मी. मेंढरू एकही नाही. आबा त्या मोकळ्या जागेकडे नुसते पाहत राहिले. मग काठीकडे पाहिलं. "इसरलोच की," ते हळूच म्हणाले. पन्नास-साठ वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघून गेली होती. मला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही आलं, आणि दोन्ही दाबण्याच्या नादात मला ठसका लागला.

शांताराम भला माणूस. त्याने आबांना खुर्ची दिली. "माझा बापूस सांगायचा तुमच्या लोकांबद्दल," तो म्हणाला. "मेंढरं बसली की त्या वर्षी भात असा यायचा. आता कोण येत नाही हो इकडे." पण आबांच्या मनातून ते गेलं नाही. शेतात बसायचं आणि शेताला काही न देता उठायचं, हे त्यांना पटेना. तीन दिवस आमच्या बेसिनचं, आंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं सगळं पाणी ते बादलीत धरून शांतारामच्या माडांना घालत होते. मी सोलापुरातून वाहून आणलेले कॅन त्यांनी तसेच त्या माडांना घातले.

सर्फिंग शिकवणारी विदुला म्हणून तिशीची मुलगी होती, तिथल्याच कोळ्याच्या घरची. पहिल्या दिवशी ती मुक्ताला वाळूवरच फळी ठेवून पोटावर झोपायला, हातांनी रेटून उठायला शिकवत होती. दुसऱ्या दिवशी पाण्यात. मुक्ता पडली. पुन्हा पडली. मी मोजणं सोडून दिलं, पण आबांनी सोडलं नाही. ते लाटा मोजत होते. संध्याकाळी मेंढरं परतली की गिनती करायची ही त्यांची जुनी सवय, आणि लाटाही पांढऱ्या पाठीच्या, एकीमागून एक येणाऱ्या. चाळीस-पन्नासपर्यंत जायचे आणि मग वैतागायचे. "ह्यांची गिनती लागंना. आलेली जाती कुटं?" खरंच, जाते कुठे? मीही त्यांच्याशेजारी बसून पाहत राहिले. समुद्र पाहून माणसाला शांत वाटतं असं सगळे सांगतात. मला तर डोळ्यांसमोर कुणी सारखं आवरलेलं घर पुन्हा पसरतंय असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता ओल्या केसांनी माझ्यासमोर येऊन बसली. "आई, मी इथे राहू? मेपर्यंत. विदुलाताई शिकवेल, मी तिला नव्या मुलांना शिकवायला मदत करीन. राहायला तिच्याकडेच."

"आणि कॉलेज?"

"सेमिस्टर पुढच्या वर्षी देईन."

शेवटचं सेमिस्टर. बी.एस्सी.चं. माझ्या खिडकीवर दर वर्षी अशी दहा-बारा पोरं येतात, मधेच सोडलेली, परत यायची वाट शोधणारी. मी त्यांना फार बोलते. त्यांतली निम्मी पुन्हा कधी दिसत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. आणि तरीही तोंडातून नाही निघेना, कारण तीन दिवसांत ही मुलगी जेवढं बोलली होती तेवढं ती सोलापुरात तीन वर्षांत बोलली नव्हती. शेवटी मी सगळ्यात सोपं ते केलं. म्हटलं, "आबांना विचार."

आबा म्हणाले, "मला इचारू नगंस."

"का पण?" मी.

"एकदा मी ठरवलं हुतं एका पोरीचं. ते आजून मला कळंना. आता दुसरीचं कुटं ठरवू?"

ती पोरगी म्हणजे मी, एवढं मला समजलं. त्यातलं काय कळत नव्हतं, ते मात्र समजलं नाही.

दुपारी मुक्ता पुन्हा पाण्यात गेली. एक लाट आली, ती उठली, गुडघे वाकवून क्षणभर उभी राहिली, आणि मग फळी एकीकडे, ती एकीकडे. मी धावतच पाण्यापर्यंत गेले. ती वर आली. नाकातोंडात पाणी, केस डोळ्यांवर, आणि हसत होती. एवढ्या मोठ्याने, की लाटेच्या आवाजातही मला ऐकू आलं. मी मनाशी म्हटलं, ही इथे सुखात राहील. मला उत्तर मिळालं. संध्याकाळी तिला सांगितलं, राहा. तिने मला अशी मिठी मारली की माझी अख्खी साडी खाऱ्या पाण्याने भिजली.

परत निघालो ते आम्ही दोघंच. मागे दोन रिकामे पलंग आणि रिकामे कॅन, वळणावर एकमेकांवर आदळत होते. घाट अर्धा चढलो असू. आबा म्हणाले, "सुमे, थांबीव जरा."

मला वाटलं, उलटी होतेय. गाडी कडेला घेतली. ते उतरले नाहीत. काचेतून खालच्या दरीकडे पाहत म्हणाले, "तुला बोर्डिंगात ठिवलं त्या साली हितनंच मी माघारी फिरलो हुतो. मेंढरं भावाच्या हवाली केली, टरक धरला आन् सोलापूर गाठलं. तुला घिऊन जायाचं म्हनून."

मला हे माहीत नव्हतं. आईनेही कधी सांगितलं नव्हतं. आता तीही नाही.

"मग?"

"फाटकापाशी हुबा ऱ्हायलो. तुमी पोरी वट्यावर जेवाय बसल्या हुत्या. तू शेजारच्या पोरीला कायतरी सांगत हुतीस आन् हसत हुतीस. लई हसत हुतीस. म्हनलं, हिला करमलंया. कशाला पोरीला गुतवा पुन्यांदा. तसाच फिरलो."

मी स्टिअरिंग धरून बसले. त्या सगळ्या वर्षात मी रडतच होते, असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते. आणि एक दिवस, एकच दिवस, कुठल्याशा मुलीच्या कुठल्याशा गमतीवर हसले असेन. नेमकं तेच ह्या माणसाने पाहिलं. फाटकापाशी माझा बाप उभा होता आणि मी हसत होते. रडत असते तर? त्यांच्याबरोबर गेले असते, शाळा नाही, नोकरी नाही, कदाचित आज चुलतभावाबरोबर मेंढरांमागे असते. म्हणजे ते हसणं चांगलं झालं की वाईट? मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. आणि मी स्वतः आदल्या दिवशी काय केलं होतं? मुलीचं हसणं पाहिलं आणि ठरवून टाकलं.

"आबा, परत फिरू का?"

"मला काय इचारतीस," ते म्हणाले. "मी फिरलोच हुतो की. पुडं काय झालं?"

मागून एक ट्रक हॉर्न देत आला. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि घाट चढले. ठरवून चढले असं नाही. ट्रक वाजवत होता म्हणून चढले.

त्या मोसमात मुक्ताचा फोन रोज यायचा. रोज हसायची. आज इतका वेळ उभी राहिले, आज जेलीफिशने पाय पोळला, आज सहा वर्षांच्या मुलीला शिकवलं. मी ऐकायचे आणि फोन ठेवल्यावर माझी झोप उडालेली असायची. खिडकीवर कुणी सेमिस्टर बुडवलेली मुलगी आली की मी तिला बोलायच्या ऐवजी पाहत बसायचे. एकीला विचारलंही, "घरी काय म्हणाले?" ती घाबरून पळाली.

जूनमध्ये समुद्र खवळला, फळ्या आत गेल्या आणि मुक्ता घरी आली. चार महिने सोलापुरात. अंगाने काळी, खांद्यांत रुंद, आणि पहाटे आबांच्याही आधी उठणारी. आणि आता दिवाळी झाल्यावर पुन्हा निघाली. पावसाळा घरात, आठ महिने बाहेर. मोजून मापून आबांचंच वर्ष. दोन पिढ्या खपून आम्ही जे वाटेवर सोडून आलो होतो, तेच ही पोरगी रंगीत फळी काखेत मारून पुन्हा उचलून घेते आहे, की हे काही वेगळंच आहे? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू फार विचार करतेस." सेमिस्टर तसंच पडून आहे. अर्जाची शेवटची तारीख अजून गेलेली नाही, तिचा अर्ज माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवला आहे. दोनदा बाहेर काढला आणि दोनदा आत ठेवला.

परवा सकाळी ती दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. आबा खुर्चीत. मी डब्यात कडक भाकरी भरत होते आणि भरता भरता एकदम विचारलं, कधी विचारीन असं मलाही वाटलं नव्हतं. "मुक्ता, तिथे रडतेस का गं कधी?"

तिने मान वर केली. "रडते की."

"कधी?"

"सुरुवातीला तर रोज. तुझा फोन ठेवला की."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? मला तर तू नुसती हसताना ऐकू येतेस."

"सांगितलं असतं तर न्यायला आली असतीस." ती पुन्हा नाडीकडे वळली. "आणि मला यायचं नव्हतं. पण तू यावंसं वाटायचं. आता हे कसं सांगू तुला?"

मला सांगायची गरज नव्हती. जगात दुसरं काही मला कळत नसेल, पण हे एक कळत होतं. मी भाकरीचा डबा तसाच उघडा धरून उभी राहिले.

"यंदा येईन मी," मी म्हटलं. "न्यायला नाही. नुसती येईन. तू पाण्यात असशील तर लांबून बघीन आणि जाईन, तुला त्रास नको."

"लांबून बघून जायचं नाही हां, आई," ती उठून पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "आलीस तर हाक मार."

ती जिन्याने खाली गेली. तिची पावलं दुसऱ्या मजल्यावर, पहिल्या मजल्यावर, मग फाटकाचा आवाज. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली होती आणि ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"हाक मारायची आस्ती," ते म्हणाले, "हे मला कुनी सांगितलंच न्हाय गं."